डहाळीची गाडी

बोगद्याच्या उद्घाटनाला मी गेले होते. टोमॅटो पिकवणारी जुनी बाई म्हणून मला पुढची खुर्ची मिळाली होती. एकेक पाहुणा उठून सांगत होता, की घाटाचा वेळ वाचेल, डिझेल वाचेल, टायर वाचतील, नारायणगावचा माल तोडल्या दिवशीच वाशीच्या बाजारात उभा राहील. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. माझा मुलगा संदीप आता सकाळी पिकअप भरून निघतो, माल उतरवतो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो. पूर्वी टोमॅटो हिरवट असतानाच आम्ही तोडायचो, घाटात अडकून पिकेल म्हणून. आता लाल तोडतो आणि तो लालच पोचतो. पण मूळ गोष्ट एकानंही सांगितली नाही. बोगद्याला दोन नळ्या आहेत, एक जायची आणि एक यायची. भरलेल्या गाडीसमोर भरलेली गाडी येतच नाही. मला त्या मांडवात उठून ओरडावंसं वाटत होतं, की अहो, वेळेचं काय घेऊन बसलात, माणसं एकमेकांची डोकी फोडायची थांबली, ते सांगा की! ओरडले नाही. वय झालं की माणूस शहाणा होतो म्हणतात. मी शहाणी झालेली नाही, नुसता गुडघ्यांमुळे उठायचा कंटाळा करते.

माझं माहेर निरगुडसरचं, घर रस्त्यापासून जरा आत. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, ट्रक चालवायचे. पुढे स्वतःचा घेतला. नानांचा राग पंचक्रोशीत ठाऊक होता. आमच्या घरातला प्रत्येक आवाज त्या ट्रकवरून ठरायचा. वळणावर ट्रक आला की आई हातातलं काम थांबवून कान द्यायची. गियर अलगद पडला तर ती ताटं मांडायची. गियर कचकन ओरडला, की ती मला आणि धाकट्या बहिणीला मागच्या दारानं गोठ्यात पिटाळायची आणि स्वतः एकटी चुलीपाशी थांबायची. एकदा तिनं मासवड्या केल्या होत्या. तीळ-खोबरं भाजून कुटलेलं, रश्श्याला तवंग आलेला, घरभर वास. नाना घाटात भांडून आले होते, गालावर ओरखडा होता. पहिल्या घासाला रस्सा खारट लागला आणि त्यांनी अख्खं पातेलं भिंतीवर फेकलं, मग आईला केसाला धरून त्या भिंतीपाशी नेलं. आम्ही गोठ्याच्या फटीतून बघत होतो. दुसऱ्या दिवशी आईनं भिंत सारवली, पण तेलाचा डाग सारवणातून पुन्हा वर आला. लोक मला विचारतात, वडिलांची आठवण येत असेल ना? येते, आणि आली की पाठ ताठ होते.

नानांच्या बाजूनं एक सांगायला हवं, की घाटात निम्मे ड्रायव्हर असेच होते. उन्हात तासन्तास उभं राहायचं, मागं हौद्यात माल पाणी सोडतोय, पुढं रस्ता मिळत नाही, आणि समोरून येणाराही तेवढाच पेटलेला. कोण मागं घेणार यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. भरलेली गाडी उलटी चढवणं म्हणजे मरणच, त्यामुळे दोघंही हटायचे नाहीत. प्रत्येकाच्या सीटखाली टामी असायची, टामी म्हणजे जॅक फिरवायची हातभर लोखंडी कांब. ती जॅकपेक्षा माणसांवर जास्त चालली असेल. नानांच्या डोक्यात तीन टाके होते, आणि त्यांनी दुसऱ्यांना किती घातले, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

त्यात एका पावसाळ्यात घाटातल्या एका वळणावर कठड्यासकट अर्धा रस्ता दरीत गेला. उरला तो एका गाडीपुरता, आणि वळण असं की वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं नाही. फोन नव्हते. बांधकाम खात्यानं एक निशाणवाला बसवला होता, तो जेवायला गेला की दोन-दोन तास परत यायचा नाही. मग ड्रायव्हरांनी आपला कायदा केला. वरून दहा-बारा गाड्यांची टोळी सोडायची आणि शेवटच्या गाडीच्या फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीला, हिरवी डहाळी खोवायची. डहाळी खाली पोचली, की वरून आता कुणी नाही असं समजून खालची टोळी चढायची. तिच्या शेवटच्या गाडीलाही डहाळी. एवढं साधं, आणि ते चाललंही. तेव्हापासून नाना घरी आले की म्हणायचे, "डहाळी गेली तवा सुटलो," नाहीतर, "डहाळी यीना लवकर, दोन तास मेलो." मला वाटायचं, डहाळी हे कुणाच्या तरी गाडीचं नाव असेल. लोक गाड्यांना 'लक्ष्मी' म्हणतात, 'राणी' म्हणतात, तशी ही डहाळी. एक खटारा, सगळ्यांना ताटकळत ठेवणारा. घरातल्या बायकांपैकी कुणीच घाट पाहिलेला नव्हता आणि नानांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

ट्रकवर बबनकाका होते. घाटघरचे. नाना मालक झाल्यावर स्टेअरिंग त्यांच्याकडे आलं. काटक माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. तेवढा अवजड ट्रक ते दोन बोटांनी वळवायचे आणि गियर असा टाकायचे की मांडीवरचं पोर जागं होऊ नये. आई म्हणायची, "बबनभावजी चालवत असले की मला ट्रक आलेला कळतच न्हाई." त्या दिवशी ती गोठ्याकडे पळायला सांगायची विसरायची, एवढंच त्यात वाईट. कधी येताना ते आमच्यासाठी पानात बांधून करवंदं आणायचे. नानांना ते मालक कधी म्हणाले नाहीत, "नाना" म्हणायचे, आणि नानांनी त्यांच्यावर हात टाकल्याचं तोवर मी पाहिलं नव्हतं.

मी सतरा वर्षांची असताना कल्याणच्या मावशीचं बाळंतपण आलं आणि तिला हाताखाली कुणीतरी हवं म्हणून मला ट्रकमध्ये बसवलं. सकाळी माल भरला. लाकडी खोकी, जुन्नरच्या रशीदभाईंनी ठोकलेली. रशीदभाईंच्या खोक्यांना कधी खिळा बाहेर राहायचा नाही, म्हणून नाना दुसऱ्याची घेत नसत. मी बबनकाका आणि नाना यांच्या मधे बसले. आळेफाटा गेला, डोंगर जवळ आले, मी आयुष्यात पहिल्यांदा एवढं लांब चालले होते आणि मला फार मजा वाटत होती. घाटाच्या तोंडाशी मात्र गाड्यांची रांग. ऊन डोक्यावर. आमच्या पुढं एक ट्रक मधेच घुसला आणि नाना खाली उतरून त्याच्या ड्रायव्हरला शर्टाला धरून बाहेर ओढायला लागले. बबनकाका सोडवायला धावले. त्या गडबडीत मी पाय मोकळे करायला खाली उतरले आणि मागं गेले.

ताडपत्री शेवटच्या रांगेला पुरली नव्हती. वरच्या खोक्यांवर ऊन सरळ येत होतं आणि टोमॅटोंची सालं ताणून चमकायला लागली होती. शेतात आम्ही बायका तोडलेल्या मालावर कायम पाला घालतो, नाहीतर तो उन्हानं भाजतो. रस्त्याकडेला एक जांभूळ होतं. त्याच्या खालच्या फांद्या सगळ्या कुणीतरी मोडून नेलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, शेळीवाल्यांचं काम. मी टाचा उंच करून एक चांगली हिरवीगार डहाळी मोडली, फाळक्यावर पाय देऊन चढले आणि ती खोक्यांवर आडवी घालून तिचं टोक फळीच्या फटीत घट्ट खोवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आपण फार हुशारीचं काम केलं असं मला वाटलं. नाना पुन्हा गाडीत चढले तेव्हा घामाघूम होते आणि त्यांच्या मुठीवर दुसऱ्याचं रक्त होतं, म्हणून मी त्यांना काही सांगितलं नाही.

आमची गाडी टोळीत चौथी होती. मागं अजून आठ, उतारावर अंतर ठेवून; भांडणाच्या गडबडीत आमच्या फाळक्याकडे त्यांच्यातल्या कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आम्ही ते तुटकं वळण उतरलो, बबनकाका दरीकडचं चाक इंचाइंचानं सांभाळत होते, आणि खाली पोचलो. खालच्या टोळीतल्या एका माणसानं आमच्या फाळक्याकडे पाहिलं आणि हात वर केला. त्याबरोबर चढणाऱ्या गाड्या एकामागून एक आमच्या शेजारून वर निघाल्या. "आरं, आत्ताच कसं सोडलं?" बबनकाका एवढंच म्हणाले. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, पण सगळेच हॉर्न वाजवत होते. पहिल्या नंबरला एक टेम्पो होता, त्यात फळ्या होत्या. मी आतल्या माणसाला ओळखलं. ते रशीदभाई होते, कल्याणहून लाकूड घेऊन येणारे. त्यांनी मला पाहून हात केला.

आवाज दोन झाले. पहिला ब्रेकचा, लांबत गेलेला, आणि दुसरा लाकूड मोडल्याचा. सगळे वर पळाले, मीही पळाले. उतरणारा पाचवा ट्रक घसरत येऊन त्यानं टेम्पोला डोंगराच्या कातळावर दाबलं होतं. फळ्या रस्ताभर उडाल्या होत्या. रशीदभाई शुद्धीत होते. त्यांचा उजवा पाय इंजिन आणि कातळ यांच्यामध्ये होता आणि ते "या अल्ला, या अल्ला" म्हणत हातानं पत्रा ढकलत होते, जणू पत्रा हलला की झालं. ट्रक मागं ओढला तेव्हा ते असे ओरडले, की मी कानात बोटं घातली. पाय पायासारखा राहिला नव्हता. माझ्या पायाशी टोमॅटो घरंगळत आले होते आणि कुठलं काय सांडलंय ते कळत नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, "डहाळी कुणाची व्हती?" ते शब्द तोंडातोंडी खाली पळाले आणि त्यांच्यामागून माणसं. चाळीस-पन्नास माणसं आमच्या ट्रकभोवती गोळा झाली. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं, टामी, दगड, साखळी. फाळक्याला माझी डहाळी तशीच होती, अजून टवटवीत. त्या क्षणी मला डहाळी म्हणजे काय ते कळलं. एक जाडजूड माणूस, पाचव्या ट्रकचा ड्रायव्हर असावा, कपाळातून रक्त येत होतं, तो नानांच्या छातीवर आला. "चौथ्या गाडीला डहाळी? कोन रं शहाना त्यो? त्याला इथंच गाडतो!" नाना एक पाऊल मागं सरले. मी नानांना पहिल्यांदाच मागं सरताना पाहत होते. तो माणूस माझ्याकडे वळला. "पोरी, तू व्हतीस ना गाडीत? कुणी लावली?"

मी त्या चाळीस जणांना घाबरले नाही. खरं सांगते, मी फक्त नानांच्या हाताकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "बबनकाकांनी."

बबनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग बबनकाका सावकाश म्हणाले, "व्हय. म्या लावली. मालाला ऊन लागत व्हतं." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत नानांनी सीटखालची टामी काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. बबनकाका गुडघ्यावर आले. नाना त्यांच्यावर वाकले, त्यांची मान दाबून धरली, आणि मग फटके मोजण्यापलीकडे गेले. पाठीवर, दंडावर, आणि डोकं झाकायला त्यांनी हात वर घेतले तेव्हा हातावर. उजव्या पंजाचा आवाज वेगळा आला, वाळली काटकी मोडावी तसा. बबनकाका ओरडले नाहीत. मी तोंडाला ओढणी लावून उभी होते. एक शब्द बोलायचा होता, 'मी', आणि तो माझ्या तोंडातून निघाला नाही. माझे डोळे टामीवरून हलले नव्हते; मग ते मी मिटून घेतले, त्यामुळे भोवती कोण उरलं होतं आणि ते कधी, कसं थांबलं ते मी पाहिलेलं नाही.

रशीदभाईंचा पाय मांडीपासून काढावा लागला. बबनकाकांची बोटं गावच्या वैदूनं बांधली, ती वाकडी जुळली. त्यांनी पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही. घाटघरला जाऊन भातखाचरं आणि दोन म्हशी बघत राहिले. घरी नानांनी मला त्या डहाळीबद्दल मरेपर्यंत एक शब्द विचारला नाही. उलट त्यानंतर त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, आणि मी मूर्खासारखी समजत राहिले, की माझं खोटं पचलं. रशीदभाई बसून खोकी ठोकायचे. लग्न होऊन नारायणगावला आल्यावर मी स्वतः खोकी आणायला जुन्नरला त्यांच्याकडे जायचे. एकदा हिंमत करून म्हणाले, "चाचा, त्या दिवशीची डहाळी..." त्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "कुणी का लावली आसंना बेटा, रस्ता एकच व्हता ना. आज न्हाई तर उद्या कुणीतरी लावली आसती." आणि ते पुन्हा ठोकायला लागले. त्यांनी मला माफ केलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. त्यांनी काय माफ केलं हे त्यांना माहीत तरी होतं का? माफी अर्धवट ऐकून घेणं मला फार सोपं गेलं.

बोगदा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी घाटघरहून निरोप आला, की बबनकाका म्हणतात, एकदा बोगदा दाव. ते आता ऐंशीच्या पुढं गेलेत. संदीपनं माल भरला, आधी मला घेऊन घाटघरला गेला, काकांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि मी खिडकीशी बसले. बोगद्यात शिरल्यावर ते लहान मुलासारखे छताच्या दिव्यांकडे बघत होते. संदीप सांगत होता, की आडवे रस्ते कुठं आहेत, पंखे कुठं आहेत, गाडी बंद पडली तर काय करायचं. "आन् समोरनं कोन आलं तर?" काकांनी विचारलं. "येतच न्हाई बाबा कुणी. यायचा बोगदा पलीकडं येगळा हाय." त्यांनी काचेतून पुढचा मोकळा रस्ता न्याहाळला. मग म्हणाले, "लई ब्येस केलं."

मला तिथं राहवलं नाही. मी म्हणाले, "काका, ती डहाळी मी लावली होती."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुझ्या वढणीला जांभळाचा पाला चिकाटला व्हता. नानानं बी बघितला. पयल्या फटक्याला वाकून मला कानात म्हनला, गप पड बबन, पोरगी हाय माझी. म्या गप पडलो." मला रडू फुटलं. म्हणजे नानांनी मला वाचवलं होतं, माझ्यासाठी केलं होतं, असं काहीतरी मी बोलायला लागले. काकांनी मान हलवली. "चार फटक्यांत भागलं आसतं गं. लोकांचं समाधान झालं व्हतं, समदी पांगली व्हती, रशीदला उचलायला गेली व्हती. त्याचा हातच थांबंना. बोटं त्याच्यानंतर मोडली."

संदीपनं गाडीचा वेग कमी केला होता. मी म्हणाले, "मला भीती वाटली काका. खरं बोलले असते तर नानांनी मला जिवंत ठेवलं नसतं."

"ठिवलं आसतं," बबनकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पोटच्या पोरीवर हात पडताना आपसूक हलका पडतो. तुला दोन दिस ताप आला आसता. माझा हात ऱ्हायला आसता."

पुढं उजेड दिसायला लागला. आम्ही कोकणच्या उन्हात बाहेर आलो, आणि बबनकाकांनी डाव्या हातानं डोळ्यांवर आडोसा धरला.